1 फेब्रुवारी 1973 : पुण्यातली कुलूपबंद घरं आणि अकरा महिन्यांचा करार

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी मजकूर तोच.)

आज लढाई नाही, किल्ला नाही, पेशवे तर अजिबात नाहीत. आज एका कागदाबद्दल बोलायचंय. तुमच्यापैकी बहुतेकांनी त्यावर कधी ना कधी सही केली असेल, आणि जवळजवळ कोणीच तो पूर्ण वाचला नसेल. लीव्ह अँड लायसन्सचा करार. अकरा महिन्यांचा.

अकराच का? बारा का नाहीत? एजंटला विचारलं तर तो म्हणतो, "सर, फॉरमॅटच तसा आहे." मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र ओळ दिसली आणि "ती काढू नका, सिस्टिम बंद पडते" असं कोणी सांगितलं, की ती ओळ कोणी आणि कोणत्या भीतीपोटी लिहिली हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. हा भाग म्हणजे त्या अकरा महिन्यांचा शोध आहे.

थोडं माझं सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी नोकरीसाठी बंगळूरला असतो. पुण्यात कोथरूडला आमचा एक वन बीएचके आहे, हप्ते चालू आहेत. मी तिकडे भाडं भरतो आणि इकडे फ्लॅट रिकामा. हिशोब सरळ आहे, भाड्याने द्यावा. पण घरात विषय काढला की बाबा एकच वाक्य बोलतात: "कुलूप राहू दे. माणूस एकदा आत आला की निघत नाही." बाबा बँकेत होते, आकडे त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळतात. तरीही दर महिन्याचं भाडं सोडून द्यायला ते तयार आहेत. ही भीती आली कुठून? त्याचं उत्तर शंभर वर्षं मागे जातं.

युद्धाने आणलेला कायदा

मुंबई इलाख्यात भाड्यावर सरकारी लगाम पहिल्यांदा आला तो पहिल्या महायुद्धात. 1918 चा 'बॉम्बे रेंट (वॉर रिस्ट्रिक्शन्स) अ‍ॅक्ट'. नावातच युद्ध आहे. शहरात माणसं वाढली, बांधकाम थांबलं, भाडी भडकली. म्हणून सरकार म्हणालं, युद्ध आहे तोवर वाटेल तसं भाडं वाढवू नका. तो कायदा विसाच्या दशकात संपला. मग दुसरं महायुद्ध, पुन्हा तोच प्रश्न. 1939 चा कायदा, 1944 चा कायदा, आणि शेवटी स्वातंत्र्यानंतर 1947 चा 'मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण कायदा'. हा 13 फेब्रुवारी 1948 ला अमलात आला आणि पुण्यालाही लागू झाला.

या कायद्याच्या पोटात दोन गोष्टी होत्या. पहिली म्हणजे स्टँडर्ड रेंट, प्रमाण भाडं. 1 सप्टेंबर 1940 ला त्या जागेचं जे भाडं होतं, तेच प्रमाण भाडं. जागा नंतर पहिल्यांदा भाड्याने गेली असेल, तर त्या पहिल्या दिवसाचं भाडं. ठरावीक परवानगी असलेली वाढ सोडली तर भाडं तिथेच गोठलं. दुसरी गोष्ट, भाडेकरू प्रमाण भाडं भरतोय तोवर त्याला बाहेर काढता येत नाही. काढायचं तर कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एखादं कोर्टात सिद्ध करावं लागतं.

आज हे ऐकून घरमालकांच्या बाजूचे लोक कपाळाला हात लावतात. पण 1948 सालात जाऊन बघा. फाळणी नुकतीच झालेली. निर्वासितांच्या छावण्या उभ्या आहेत, पुण्याजवळ पिंपरीलाही. घरांची टंचाई अशी की मालकाच्या मनात आलं तर एका पावसाळ्यात संपूर्ण कुटुंब रस्त्यावर. त्या वेळी हा कायदा म्हणजे लाखो लोकांच्या डोक्यावरचं छप्पर होतं. गडबड अशी, की तो आला तात्पुरता म्हणून, आणि मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं राहिला.

बाहेरगावी नोकरी करणाऱ्याचं काय?

आता आपल्या विषयाशी येऊ. समजा 1955 साल आहे. तुमची सदाशिव पेठेत दोन खोल्यांची वडिलोपार्जित जागा आहे आणि तुमची बदली नागपूरला झाली. जागा भाड्याने दिली. दहा वर्षांनी परत आलात. आता?

कायद्यात तुमच्यासाठी एक दार होतं: कलम 13(1)(ग), मालकाची वाजवी आणि खरीखुरी गरज. ही गरज कोर्टात सिद्ध करायची. पण त्यापुढे कलम 13(2) उभं. कोर्ट तराजू हातात घेऊन बघणार, की हुकूम दिला तर भाडेकरूला त्रास जास्त आणि नाही दिला तर मालकाला त्रास जास्त, यातलं जड काय? भाडेकरूकडे म्हातारी आई आणि शाळेतली पोरं असतील आणि तुम्ही भावाकडे राहू शकत असाल, तर पारडं तिकडे झुकू शकतं. शिवाय भाडेकरू वारला तर सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेकरूपण जाणार. मग अपील. तोवर मालक स्वतः दुसऱ्याच्या घरात भाडेकरू.

सैन्यातल्या लोकांसाठी पुढे वेगळी वाट काढली गेली, आणि पुण्याला ती विशेष महत्त्वाची. कॅम्प, खडकी, खडकवासल्याची एनडीए. निवृत्तीनंतर पुण्यात येऊन राहायचं म्हणून घर घेतलेले फौजी इथे पुष्कळ. नेमणूक सीमेवर आणि घर पुण्यात. सैन्याच्या अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र दाखवलं की गरज सिद्ध करण्याची लांबलचक भानगड टळते, अशी ही तरतूद. आजच्या कायद्यातही ती कलम 23 मध्ये आहे. विधवेलाही तो हक्क आहे. म्हणजे कामासाठी लांब गेलेल्या माणसाचा प्रश्न कायद्याला दिसत होता. बँकेतल्या, रेल्वेतल्या, शाळेतल्या माणसासाठी मात्र अशी वाट नव्हती.

त्यात 12 जुलै 1961 उजाडला. पानशेत फुटलं. नदीकाठच्या पेठांमधले वाडे पाण्यात बसले, हजारो कुटुंबं बेघर झाली. आधीच कमी असलेली घरं आणखी कमी झाली. त्याच दशकात पिंपरी-चिंचवडला कारखाने उभे राहिले आणि बाहेरून माणसं येऊ लागली. घर हवं असणारे वाढत होते, आणि घर असणारे द्यायला घाबरत होते.

पळवाट: 1882 चा एक जुना कायदा

इथे वकिलांनी एक नामी युक्ती वापरली. 1882 च्या सुखाधिकार कायद्यात, म्हणजे ईझमेंट्स अ‍ॅक्टमध्ये, कलम 52 आहे: लायसन्स. लीज म्हणजे जागेत हक्क निर्माण होतो. लायसन्स म्हणजे फक्त परवानगी. ती नसती तर तुमचं तिथे असणं बेकायदा ठरलं असतं, एवढंच. माझ्या भाषेत सांगायचं तर लीजमध्ये तुम्ही सिस्टिमचे एक मालक होता, लायसन्समध्ये तुम्हाला नुसतं लॉगिन मिळतं. आणि भाडे नियंत्रण कायदा लागू कोणाला? भाडेकरूला. लायसन्सवाल्याला नाही.

मग काय, करारावर 'भाडे' हा शब्दच येईनासा झाला. 'भरपाई', 'लायसन्स फी', 'वापराचा मोबदला'. आणि मुदत अकरा महिने, कारण 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं. बारा महिन्यांच्या आत राहिलं की नोंदणी नाही, खर्च नाही, सरकारी दप्तरात नाव नाही. मंडळी, आपली ती विचित्र ओळ ही अशी लिहिली गेली.

कोर्टांना हे दिसत नव्हतं असं नाही. 1959 साली सर्वोच्च न्यायालयात एक गाजलेला खटला झाला, असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध कपूर. दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलात एका गृहस्थांनी केशकर्तनालयासाठी खोल्या घेतल्या होत्या. करारावर लिहिलेलं लायसन्स. न्यायालय म्हणालं, नाव काय दिलंय ते बघू नका, व्यवहार खरा काय आहे ते बघा. खोल्या पूर्णपणे त्याच्याच ताब्यात, म्हणजे ते लीज. तरीही महाराष्ट्रात लायसन्सचे करार होत राहिले, कारण दुसरा मार्गच नव्हता.

एका तारखेला सगळं बदललं

आणि मग आला 1973 चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक 17. त्याने जुन्या कायद्यात 15अ हे कलम घातलं. अर्थ असा: 1 फेब्रुवारी 1973 या दिवशी जो माणूस चालू लायसन्सवर एखाद्या जागेत राहतोय, निदान एका खोलीत, तो त्या दिवसापासून भाडेकरू झाला असं समजण्यात येईल. मालकाच्या घरातच राहणारे पेइंग गेस्ट, नोकर, नातेवाईक वगळून.

थांबा, हे नीट समजून घ्या. करार दोघांनी सह्या करून केलेला. त्यात लिहिलेलं, अकरा महिन्यांनी जागा सोडेन. आणि कायदा म्हणाला, सोडायची गरज नाही. एका तारखेला लॉगिनवाले मालकीत वाटेकरी झाले.

आमच्या घरातली भीती इथली आहे. माझ्या आजोबांचे एक चुलतभाऊ, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. नोकरी फिरतीची. नारायण पेठेतल्या दोन खोल्या त्यांनी 1971 मध्ये लायसन्सवर एका शिक्षकांना दिल्या आणि करार पुढे वाढवत राहिले. 1980 साली निवृत्त होऊन परत आले, तर त्या खोल्यांत कायदेशीर भाडेकरू. अण्णांनी भाडं घ्यायचं नाकारलं, तर दर महिन्याला मनीऑर्डर यायची. अण्णा परत पाठवायचे, पुढच्या महिन्यात पुन्हा यायची. दावा चालला. स्वतः अण्णा धायरीला भाड्याने राहिले आणि तिथेच गेले. बाबांनी हे सगळं तरुणपणी पाहिलंय, तारखांना अण्णांसोबत कोर्टात जाऊन बसलेत.

पण गोष्टीला दुसरी बाजू आहे, ती सांगितली नाही तर हा इतिहास होणार नाही. ते शिक्षक काही गुंड नव्हते. घरात पाच माणसं, पगार बेताचा. दर अकरा महिन्यांनी मालकापुढे हात जोडायचे, वर थोडे पैसे वाढवायचे, नाहीतर बिऱ्हाड पाठीवर. विधिमंडळाने जे केलं त्यामागे हेच होतं: लायसन्स हे भाडेकरूपणाला घातलेलं नुसतं सोंग आहे, आणि त्या सोंगाखाली लोकांचं संरक्षण काढून घेतलं जातंय. हे म्हणणं खोटं नव्हतंच. खोट होती ती वेळेत. खेळ संपल्यावर नियम बदलले, आणि तोही ज्यांनी एखादी खोली दिली त्यांच्यावर. ज्यांनी सुरुवातीपासून कुलूप लावून ठेवलं त्यांचं काहीच गेलं नाही.

यातून शहराने जो धडा घेतला तो असा: दिलेली जागा जाते, कुलूप लावलेली राहते. माझ्या मते 1 फेब्रुवारी 1973 चा खरा परिणाम त्या दिवशी आत असलेल्या लोकांवर झाला नाही, तो त्यानंतर आत येऊच न शकलेल्या लोकांवर झाला. घर द्यायचंच तर कंपनीला, बँकेच्या अधिकाऱ्याला, बदली होणाऱ्याला. साध्या माणसाला नको.

जुन्या वाड्यांचंही तेच. महिन्याला वीस-तीस रुपये भाडं आणि पावसाळ्यात कौलं फिरवायची झाली तर खर्च त्याच्या कितीतरी पट. मालक म्हणे मी का करू, भाडेकरू म्हणे माझं थोडंच आहे. दोघांच्या मध्ये वाडा खचत गेला. पेठांमध्ये आज वाड्यांच्या जागी इमारती दिसतात, त्यामागे बिल्डर जसा आहे तशी ही पन्नास वर्षांची कोंडीही आहे.

दुरुस्ती: 1987 ते 2000

चूक उमगायला चौदा वर्षं लागली. 1987 मध्ये 13अ2 हे कलम आलं: राहण्यासाठी लायसन्सवर दिलेली जागा, मुदत संपली की मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून झटपट परत मिळेल.

मग मोठा धक्का सर्वोच्च न्यायालयाने दिला. मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य, निकाल डिसेंबर 1997. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की 1940 च्या भाड्यावर गोठवून ठेवणं एके काळी वाजवी होतं, पण काळ गेला तसं तेच मनमानी झालं. कायदा तिथल्या तिथे रद्द केला नाही, कारण त्याची मुदत 31 मार्च 1998 ला संपणारच होती. पण पुन्हा तसाच वाढवू नका, हा इशारा स्पष्ट होता. एखादा कायदा जन्मतः बरोबर असू शकतो आणि नुसता म्हातारा होऊन चुकीचा ठरू शकतो, हे मला या सगळ्या शोधात सापडलेलं सगळ्यात सुंदर तत्त्व.

त्यातून 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, 31 मार्च 2000 पासून लागू. जुन्या भाडेकरूंचं संरक्षण राहिलं, वर्षाला चार टक्के वाढ मिळाली. आणि आपल्यासारख्यांसाठी कलम 24. लायसन्सची मुदत संपली की जागा सोडायची. नाही सोडली तर नुकसानभरपाई दुप्पट दराने. लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत परवानगी घेतल्याशिवाय बचावही मांडता येत नाही. 1973 मध्ये जो कागद एका रात्रीत निकामी झाला होता, त्याच कागदाला आता कायद्याने दात दिले.

वेळही बघा. पुण्यात सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क 1990 चं. पुढे हिंजवडी. 2000 नंतर औंध, बाणेर, वाकड, खराडी इथे भाड्याच्या घरांची जी बाजारपेठ उभी राहिली, ती नोकऱ्यांमुळे आली हे खरंच. पण कलम 24 नसतं तर त्यातल्या किती फ्लॅटची कुलपं उघडली असती, हा प्रश्न मला पडतो.

मग अकरा महिने अजून का?

हा या गोष्टीतला गमतीचा भाग. याच 1999 च्या कायद्याचं कलम 55 सांगतं, की करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. म्हणजे ज्या कारणासाठी अकरा महिने ठरले, ते कारण महाराष्ट्रात 2000 सालीच संपलं! आज तुम्ही तीन वर्षांचा, अगदी पाच वर्षांपर्यंतचा लायसन्स करार करू शकता. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या 0.25 टक्के (डिपॉझिटवरचं मानीव व्याज त्यात धरून), आणि नोंदणी घरबसल्या, अंगठा मशिनवर ठेवून. तरी फॉरमॅट अकराचाच. भीती गेली, ओळ राहिली.

कुलपंही राहिली. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या शहरी भागात रिकामी घरं वीस लाखांच्या आसपास निघाली, देशात सगळ्यात जास्त. 2017-18 च्या आर्थिक पाहणीनुसार देशातल्या शहरी घरांत भाड्याच्या घरांचा वाटा 1961 मध्ये 54 टक्के होता, तो 2011 मध्ये 28 टक्क्यांवर आला. सगळा दोष भाडे कायद्याचा नाही, गुंतवणूक म्हणून घेतलेली घरंही त्यात आहेत. पण शहराची सवय एका पिढीत बनते आणि मोडायला दोन पिढ्या लागतात.

मालकासाठी इतर खर्चाच्या बाबीही समजून घ्या. पुणे महापालिकेची मिळकत करातली 40 टक्के सवलत 1970 पासून आहे. मध्ये बंद झाली, 2023 मध्ये परत आली. पण ती मालक स्वतः राहतो त्या घराला. भाड्याने दिलं की नाही. सोसायटी ना-वापर शुल्क लावू शकते, पण 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशाने ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपुरतंच. कोणी जास्त मागितलं तर हा आदेश दाखवा.

शेवटचा मुद्दा, आणि तो मला स्वतःला टोचणारा. तराजू आता मालकाकडे झुकलाय. बंगळूरमध्ये मी भाडेकरू आहे. अकरावा महिना जवळ आला की मालकाचा फोन कधी येतो याची धास्ती मला माहीत आहे. "बॅचलर नको", "आडनाव काय", "खाता काय", हे प्रश्न मी ऐकलेत, आणि पुण्यात आमच्या सोसायटीत तेच विचारले जातात. कायद्याने जुनी भीती मालकाच्या खिशातून काढून भाडेकरूच्या खिशात घातली. मुलाची शाळा अकरा महिन्यांची नसते, म्हाताऱ्या आईचा ओळखीचा डॉक्टर अकरा महिन्यांचा नसतो.

म्हणून माझं मत सांगतो, तुम्ही भांडू शकता. कलम 24 ने मालकाला जी खात्री दिली आहे, तिच्या बदल्यात भाडेकरूला काळ देता येतो. मुदत संपल्यावर घर परत मिळणारच असेल, तर ती मुदत तीन वर्षांची ठेवायला काय हरकत? वाढ किती ते आधीच लिहा, दोन्हीकडून नोटीस लिहा, नोंदणी करा. बाबांपुढे मी हाच प्रस्ताव ठेवलाय, कलम 24 ची प्रत जोडून. त्यांनी ती दोनदा वाचली आणि विचारलं, "आणि उद्या पुन्हा एखादी तारीख जाहीर झाली तर?" याचं उत्तर कुठल्याच कलमात नाही. 1971 च्या माणसालाही 1973 दिसत नव्हतं.

तुमच्या घरात जुन्या भाडेपावत्या असतील, मनीऑर्डरच्या पोचपावत्या, सत्तरच्या दशकातले लायसन्सचे स्टॅम्पपेपर असतील, तर फेकू नका. नावं झाकून फोटो पाठवा, मालकाच्या बाजूचे आणि भाडेकरूच्या बाजूचेही. पुरेसे जमले तर त्यावर एक भाग करू. तोवर, भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.